हिरव्या डब्यातली गोटी

माझ्या मदतीला जो धावून आला तो गांबियाचा होता. गांबिया कुठं आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बीडमध्येही फार जणांना ठाऊक नव्हतं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला एका नदीच्या दोन्ही काठांना धरून लांबट पसरलेला तो देश. औषधशास्त्र शिकायला तो इथल्या कॉलेजात आला होता आणि वसतिगृहाच्या मेसमध्ये जेवत होता. त्या मेसचा स्वयंपाक मी करते. त्याचं नाव लिहीत नाही, कुणाचंच लिहीत नाही. पण त्याचे उपकार आधी लिहिते आणि मग काय झालं ते सांगते, नाहीतर मी माझंच रडगाणं गात बसेन आणि तो राहून जाईल.

मी कोकणातली. वेंगुर्ल्याच्या बाजूचं, समुद्राला लागून असलेलं गाव. सातवीला असताना आई अंथरुणाला खिळली आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढं आमच्याकडे रस्त्याचं काम निघालं, डांबराच्या गाडीवर दिंद्रुडचा एक ड्रायव्हर आला, आणि घरच्यांच्या मनाविरुद्ध मी त्याच्याशी लग्न केलं. तो परळीला वीजकेंद्राच्या राखेच्या गाडीवर लागला. तिथं दोरीवरचं पातळ झटकलं की राख उडायची आणि मला आमच्या किनाऱ्यावरची बारीक वाळू आठवायची. मूलबाळ झालं नाही. तो गेला तेव्हा भाऊ आला, एक रात्र राहिला, आणि जाताना म्हणाला, "ये कधीतरी." मी नंतर त्या दोन शब्दांचा पुष्कळ विचार केला. ज्याला खरंच न्यायचं असतं तो सोबत घेऊनच जातो.

दिंद्रुडला सासरी थोडे दिवस काढले आणि मग बीडला या वसतिगृहात काम मिळालं. काम म्हणजे दोन वेळचा स्वयंपाक, आणि स्वयंपाकघराच्या मागं राहायला एक खोली. गॅसच्या टाक्या ठेवायच्या पडवीला लागून ती खोली आहे, खिडकी एकच. पण तिला आतून कडी होती. ज्या बाईला दुसरं घर नाही तिला आतून लागणाऱ्या कडीची किंमत विचारावी.

दुपारची पंगत उठली की जेवणाचा हॉल रिकामा व्हायचा. ताटं पालथी पडलेली, पंखा फिरतोय, आणि मी. मला सगळे मावशी म्हणतात. चांगलं म्हणतात, पण नावानं हाक मारणारं बीडमध्ये कुणी नाही. आणि मालवणीत बोलायला तर कुणीच नाही. मी भाताच्या टोपाशी बोलायचे. "काय रे, शिजलंस काय नाय?" असं काहीतरी. एकदा आक्कानं ऐकलं. आक्का म्हणजे वसतिगृहात झाडलोट करणारी बाई, बीडचीच. ती म्हणाली, "मावशे, भुताला बोलतीस का भाताला?"

माझी एक मोठी अडचण होती, ती म्हणजे भाकरी. तांदळाची भाकरी मी डोळे मिटून थापते. पण इथं ज्वारी. ज्वारीचं पीठ माझ्या हातात कधी एक झालंच नाही. आक्कानं शिकवलं, गरम पाणी घे म्हणाली, तळव्यानं मळ म्हणाली. तरी माझी भाकरी तव्यावर टाकताना कडेनं फाटायची. पोरं ताटात घेऊन एकमेकांना दाखवायची.

"मावशी, ही भाकरी हाय का जिल्ह्याचा नकाशा?"

"हे बघ बे, हे आष्टी, हे पाटोदा. परळी तुटून पडली!"

मी हसायचे, आणि मग खोलीत जाऊन काळजी करायचे. मला काळजीची सवय आहे. गॅसचं बटण बंद केलं तरी पुन्हा जाऊन बघते. ट्रंक कधी पूर्ण रिकामी करत नाही, चार कपडे घडी घालून तिच्यातच असतात.

त्या सगळ्यात एकट्या त्या गांबियाच्या पोरालाच माझा भात आवडायचा. तो पहिल्यांदा आला ते वासानं. मी खोलीत थोडी सुकट भाजत होते. गावाकडून येणारं तेवढंच, एक शेजारीण कधीमधी पाठवायची. तो उंच, दाढीवाला पोरगा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, मछली? भात भी है क्या?" फळबाजारातल्या लोकांकडून तो बोलायला शिकला होता, त्यामुळं त्याचं बोलणं म्हणजे बागवान गल्लीतली दखनी आणि वर थोडी मराठी. 'हो'ला 'हौ' म्हणायचा. पोरं त्यावरून त्याची लई थट्टा करायची. मी इथं त्याचं बोलणं जरा सरळ करून लिहिते.

त्यानं सांगितलं, त्याच्या घरीही रोज भात, मासे, आणि शेंगदाण्याचं दाट कालवण. मी एकादशीला करतात तशी शेंगदाण्याची आमटी करून वाढली. त्यानं चव घेतली आणि म्हणाला, "पातळ आहे. पण घरचा रस्ता बरोबर आहे." तेव्हापासून संध्याकाळी सगळे जेवून गेले की तो शेवटी येऊन बसायचा. दोघंही समुद्राकाठचे, आणि येऊन पडलो ते दोघंही जिथं विहिरीचं पाणी पण मोजून उपसतात तिथं.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला नोटीस लागली. मेस कंत्राटदाराला द्यायची असा विचार चाललाय, मेस कमिटी काय ते ठरवेल. कंत्राटदाराची माणसं त्याची, स्वयंपाकी त्याचा, आणि मागची खोली त्याच्या कोठीला. म्हणजे मी गेले. नोटिशीत माझा उल्लेखही नव्हता. 'स्वयंपाकघर व संलग्न खोली' एवढं होतं, आणि त्या संलग्न खोलीत मी राहत होते.

कमिटीची रीत अशी होती. वसतिगृहाचे मजले तीन, दर मजल्याचा एक सदस्य निवडायचा. वर दोन सदस्य रेक्टर सर नेमणार, आणि अध्यक्ष त्या दोघांतलाच. मेसमध्ये जो जेवतो त्याला मत. त्यामुळं तळमजल्याच्या मतदारांत नवी पोरं होती, वॉचमनकाका होते, आक्का होती आणि मीही होते. हे एका जुन्या रेक्टरांनी ठरवलेलं, नंतर कुणी बदललं नव्हतं. आणि मत द्यायचं ते हात वर करून.

पहिल्या मजल्यावर शेवटच्या वर्षाचा एक मुलगा होता, सगळे त्याला भाऊ म्हणायचे. त्याला कंत्राटदार हवा होता. वाईट मुलगा नव्हता तो, आता कळतं. पण त्याला घाबरायचे सगळे. तो हॉलमध्ये उभा राहून आक्काला हसत हसत म्हणाला, "आक्का, हात कुणीकडं जातोय ते समद्यांला दिसतंय बरं का!"

आक्का माझ्याकडं आली. "मावशे, मला तू पायजे. पण हात वर केला की उद्या माझं झाडणं कुणाच्या डोळ्यात खुपंल सांगता येत न्हाई."

मी म्हटलं, "जाऊ दे आक्का. चिठ्ठीनं करा म्हणून सांगू का?"

"चिठ्ठीवर मी काय काढू, चिमणी? मला लिवता कुठं येतंय? दुसऱ्यानं लिवायची म्हंजे पुन्ना तेच."

गांबियाचा पोरगा शेवटच्या टेबलावर जेवत होता. त्यानं हे ऐकलं आणि हात धुवायच्या आधीच म्हणाला, "गोटी."

"काय?"

"आमच्या देशात मत गोटीनं देतात. काचेच्या गोटीनं."

आक्का मला म्हणाली, "ह्याला उन्हाचं झालंय काय तरी." पण तो बसला, समोरच्या वाटीतले शेंगदाणे टेबलावर मांडले आणि आम्हा दोघींना त्यांची संसद समजावून सांगितली. मी सातवी शिकलेली, आक्का तेवढीही नाही. आम्हाला आपल्या दिल्लीतलं सुद्धा कुणी असं मांडून दाखवलं नव्हतं.

तो म्हणाला, पूर्वी बहुतेकांना वाचता यायचं नाही, म्हणून हे काढलं. मतदान केंद्रात पत्र्याची पिंपं ठेवतात, दर उमेदवाराचं एक, पक्षाच्या रंगाचं, वर त्याचा फोटो. पिंपाला वरून एक नळी. मतदाराच्या बोटाला शाई लावायची, हातात एकच गोटी द्यायची. तो आडोशाला जातो, पाहिजे त्या नळीत गोटी सोडतो, आत घंटा वाजते. बाहेर बसलेल्या अधिकाऱ्याला कळतं, मत पडलं. कुठल्या पिंपात पडलं ते कळत नाही, कारण घंटा सगळ्यांची सारखी. दोनदा वाजली तर मात्र चोर पकडला.

"आणि तळाला वाळू घालतात," तो म्हणाला, "म्हणजे गोटी पडल्यावर दुसरा आवाज नको."

मग त्यानं शेंगदाण्यांचा एक मोठा ढीग केला. "हे त्रेपन्न. त्रेपन्न मतदारसंघ, एकेकातून एक. ज्याच्या गोट्या जास्त तो आला, पाच वर्षं. कुठल्याच पक्षाचा नसला तरी येऊ शकतो." बाजूला पाच दाणे वेगळे ठेवले. "हे पाच अध्यक्ष नेमतो. देशाचा अध्यक्ष. त्याची निवडणूक वेगळी, आधी होते. आणि संसदेचा सभापती? सगळे मिळून निवडतात, पण निवडायचा या पाचांतूनच."

मी म्हटलं, "मग त्या त्रेपन्नांनी निवडून येऊन काय केलं?"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "मावशी, हाच प्रश्न माझी आई विचारते!"

मग गंभीर होऊन म्हणाला, "पण बघ, तुमची कमिटी पण तशीच आहे. तीन निवडायचे, दोन नेमलेले, खुर्ची नेमलेल्याची. म्हणून जे तीन आहेत ते तरी मोकळ्या मनानं निवडायला पाहिजेत."

आक्कानं ढिगातले दाणे तोंडात टाकायला सुरुवात केली होती. ती म्हणाली, "तुमच्या पार्लमेंटाचे चार जण खाल्ले मी. चालतेत का?"

तो खरोखर रेक्टर सरांकडे गेला. सर हसले म्हणे. "गोट्या खेळायच्यात? खेळा." मतदानावर देखरेखीला त्यांनी ग्रंथपाल सरांना बसवलं. ते कडक माणूस. त्यांच्या वाचनालयात खुर्ची सरकवली तरी मान वर करून बघतात.

तयारी माझ्याच स्वयंपाकघरात झाली. तेलाचे रिकामे डबे, नळाचा तुटका पाईप, बांधकामाची वाळू. एका डब्याला हिरवा रंग, म्हणजे मावशी राहू दे म्हणणारा उमेदवार. दुसऱ्याला निळा, म्हणजे कंत्राटदार आणा म्हणणारा. तळमजल्यावर हिरव्याच्या बाजूनं दिंद्रुडचा पहिल्या वर्षाचा पोरगा उभा राहिला. माझ्या सासरच्या गावचा म्हणून मला 'काकू' म्हणायचा, तो एकटाच. राहिली घंटा. सायकलची घंटी डब्यात बसेना. मग दिंद्रुडचा पोरगा समोरच्या रसवंतीवर गेला आणि रसवाल्याकडून घुंगरांची एक जास्तीची माळ मागून आणली. ती तोडून निम्मी निम्मी दोन्ही नळ्यांच्या आतल्या तोंडाशी बांधली. गोटी सोडली की छुम. छान वाजायचं. आम्ही सगळ्यांनी एकेकदा सोडून बघितली, काका तर दोनदा.

रविवारी मतदान झालं. रमजान चालू होता, त्याचा रोजा होता, तरी तो सकाळपासून उभा. धान्याच्या खोलीत डबे ठेवले, दाराला चादर लावली. बाहेर ग्रंथपाल सर गोट्यांचा वाडगा घेऊन बसले. दुपारपर्यंत पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याचं उरकलं, त्यांच्या गोट्या सरांनी डब्यागणिक वेगळ्या पिशव्यांत बांधून ठेवल्या. दुपारनंतर तळमजल्याचं.

माझी पाळी आली. शाई लावायला बोट पुढं केलं तर ते आधीच हळदीनं पिवळं. सर म्हणाले, "याला काय शाई दिसणार?" तरी लावली. आत गेले. चादरीमागं अंधुक होतं, तांदळाच्या पोत्यांचा वास होता. मी गोटी हातात धरून उभी राहिले. माझं नाव अजून गावच्या मतदारयादीत असेल नसेल, मला माहीत नाही. इथं बीडला ते घालायचं माझ्याच्यानं कधी झालं नाही. घातलं असतं तर मी इथलीच झाले असते, आणि तेवढं धाडस होत नव्हतं. कुणीतरी मला विचारतंय, बाई तुझं मत काय, असं पुष्कळ वर्षांनी होत होतं. आणि मनात आलं, पोरांचं तरी काय चुकतंय? ज्वारीची नीट भाकरी मिळावी एवढंच तर म्हणतात. क्षणभर हात निळ्याकडे वळला होता. मग ती कडी आठवली. हिरव्यात टाकली. छुम.

माझ्यानंतर आक्का गेली. तिची गोटी पडली, छुम झालं. आणि लगेच पुन्हा, छुम छुम.

ग्रंथपाल सर उठून उभे राहिले. "दोनदा वाजलं!"

भाऊ आणि त्याची पोरं हॉलमध्येच होती. एकच गलका झाला. "आक्कानं जास्तीच्या टाकल्या बे! घरून आणल्या! रद्द करा खालच्या मजल्याचं!"

आक्का चादर बाजूला करून बाहेर आली ती कमरेला पदर खोचूनच. "ए भाड्या, मला एक गोटी दिली सरांनी, एकच टाकली. दुसरी कुठून आणू? गोट्या खेळायचं वय हाय का माझं?"

"मग वाजलं कावून?"

"ते तुझ्या डब्याला इचार!"

सर म्हणाले, नियम तो नियम, या मजल्याचं पुन्हा घ्यावं लागेल, आणि हात वर करून घेऊ. पुन्हा हात वर म्हणजे आक्काचा हात खाली, काकांचा हात खाली, आणि माझी ट्रंक बाहेर.

तेवढ्यात पुन्हा वाजलं. छुम छुम छुम. आत कुणीही नव्हतं. चादर हलतही नव्हती. पुन्हा वाजलं, आणि आता लांबलचक वाजतच राहिलं. गांबियाच्या पोरानं दोन्ही हात डोक्यावर मारले आणि खिडकीकडे बोट केलं.

समोरची रसवंती. ऊन कलल्यावर रसवाल्यानं चरक सुरू केला होता. चाकाला तीच घुंगरं, ज्यांची बहीण आमच्या डब्यात टांगलेली.

हॉल हसून हसून कोसळला. भाऊसुद्धा हसला. फक्त सर हसले नाहीत, पण बसले. गांबियाचा पोरगा म्हणाला, "आमच्याकडे मतदानाच्या जवळ सायकल येऊ देत नाहीत, घंटी वाजते म्हणून. ते मला माहीत होतं. रसवंती माहीत नव्हती." आणि त्यानं सरांना वाडगा दाखवला. सरांनी गोट्या स्वतः मोजून घेतल्या होत्या, स्वतः एकेक दिली होती. दिल्या तेवढ्याच डब्यांत निघाल्या म्हणजे झालं. सरांना ते पटलं.

काका रसवाल्याला थांबवायला गेले. त्याचा आवाज इथपर्यंत आला, "तुमचं मतदान वरसाला एकदा, माझा धंदा दोन महिन्याचा! गिऱ्हाईक उभं हाय!" पण ऐकलं त्यानं. चाकावरची घुंगरं सोडली आणि तासभर मुका रस काढला. लोक विचारत होते म्हणे, आज कुणी गेलंय का तुमच्यात.

संध्याकाळी मोजणी झाली. त्याच्या देशात भोकं पाडलेल्या फळ्यांवर गोट्या लावून मोजतात, आम्ही अंड्यांचे ट्रे घेतले. एकेका खळग्यात एकेक गोटी. आक्का म्हणाली, "हे बरं हाय. आकडा येत न्हाई तरी दिसतंय कुणाचा ट्रे भरला ते." गोट्या बरोबर तेवढ्याच निघाल्या, एकही जास्त नाही. पहिला मजला निळा, म्हणजे भाऊ निवडून आला. दुसरा हिरवा. तळमजला हिरवा, थोडक्यात, पण हिरवा.

मी रडले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण तो शांत होता. रोजा सोडायला मी त्याच्यासाठी खजूर, कलिंगड आणि भात काढून ठेवला होता. तो फोन कानाला लावून बसला होता. त्याच आठवड्यात त्याच्या देशात संसदेची निवडणूक झाली होती, हे तेव्हा मला कळलं. त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. देशाबाहेर असणाऱ्याला तिकडं मत देता येत नाही. आईनं त्याला फोनवर सांगितलं, तुझ्या माणसाची जागा थोडक्यात गेली.

"माझी एक गोटी तिकडं पडायची होती," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. मग खजूर तोंडात टाकला. इथं दिवसभर उभं राहून त्यानं आमच्या सगळ्यांच्या हातात गोटी पोचवली होती. मी त्याला आणखी भात वाढला.

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "मावशी, जिंकलीस असं समजू नको. दोन नेमलेले अजून बाकी आहेत."

आणि तसंच झालं. रेक्टर सरांनी ग्रंथपाल सर आणि ऑफिसातले एक क्लार्क यांना नेमलं, ग्रंथपाल सर अध्यक्ष. दोघंही कंत्राटाच्या बाजूचे, हे शिपायालाही माहीत होतं. निळा एक आणि हे दोन, तीन विरुद्ध दोन. म्हणजे हिरवा डबा भरून सुद्धा मी जाणारच होते.

बैठकीच्या आदल्या दिवशी त्यानं दिंद्रुडच्या पोराला स्वयंपाकघरात बसवलं. मी तांदूळ निवडत होते. तो म्हणाला, त्यांच्या संसदेत कायदा एका दमात होत नाही. वाचतात, चर्चा करतात, मग समितीकडे जातो, तिथं एकेक कलम काढून त्यात बदल सुचवतात, आणि मग शेवटचं मत. ज्याच्याकडे माणसं कमी असतात तो शेवटच्या मताची वाट बघत नाही, तो मधल्या पायरीवर काम करतो.

पोरगा म्हणाला, "म्हंजे हारायचंच हाय, तर अट घालून हारायचं?"

"हौ. पण अट सांगायला आत माणूस पाहिजे. तो तू आहेस."

बैठक वाचनालयात झाली. मी स्वयंपाकघरात. ट्रंक भरून झाली होती, देवाचा फोटो तेवढा भिंतीवर ठेवला होता, तो शेवटी काढायचा म्हणून. आक्का झाडू मांडीवर घेऊन दारात बसली. मग दिंद्रुडचा पोरगा पळत आला, चेहरा फुललेला.

"काकू, हारलो!"

मी भिंतीवरचा देवाचा फोटो काढायला वळले. तो म्हणाला, "आवं ऐका तरी! मेस कंत्राटदाराला दिली. पण मी म्हणलं, ठरावात एक अट घाला. आत्ता हायेत त्या बाई कामावर राहतील, खोली त्यांच्याकडंच राहील. भाकरी कंत्राटदाराच्या बाया करतील. क्लार्कसाहेब म्हणले नको. भाऊनं हात वर केला."

"कुणी?"

"आपल्या भाऊनं! म्हणला, मला भाकरीचीच तक्रार हुती, मावशीची न्हाई. मग अध्यक्ष सर म्हणले, भात चांगला असतो त्यांचा. झालं की!"

आक्का उठली आणि त्या पोराच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, ते आदी सांगायचं सोडून हारलो म्हणतोस व्हय रे!"

मी गांबियाच्या पोराला शोधायला गेले तर तो वाचनालयाच्या जिन्याखाली उभा होता. त्याला कळलं होतं. मला म्हणाला, "मावशी, आता भाकरी करू नको. कायदा आहे." मी त्याला विचारलं, बाबा, मी तुला काय देऊ? तो म्हणाला, "तुझ्या गावचे ताजे मासे. तुझ्या गावात."

मी हो म्हणाले, आणि मग तोंड फिरवलं. गावात मी त्या वेळपर्यंत कितीतरी वर्षं पाऊल टाकलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात तो शिकून परत गेला. एस.टी. स्टँडवर मी डबा घेऊन गेले होते, भात आणि शेंगदाण्याचं कालवण, या वेळी दाट. गाडी लागली, त्याच्या उंचीमुळं मागच्या काचेतून बराच वेळ त्याचं डोकं दिसत होतं. परत आले तर हॉलमध्ये पंखा तसाच फिरत होता.

आता भाकऱ्या कंत्राटदाराच्या दोन बाया करतात. गोल, पापुद्रा सुटलेल्या. त्या आपापसात बोलतात, माझ्याशी कामापुरतं. भाऊ केव्हाच नोकरीला लागला, दिंद्रुडचा पोरगाही गेला, नव्या पोरांना गोट्यांचं काही माहीत नाही. आक्काचे गुडघे धरतात, ती आता अर्धाच दिवस येते. संध्याकाळी शेवटच्या टेबलावर कुणी बसत नाही. हिरवा डबा मी टाकू दिला नाही. त्याचं तोंड मोठं कापून घेतलं आणि त्यात तांदूळ ठेवते. घुंगरं आत तशीच आहेत, माप काढताना हाताला लागून वाजतात. भाताच्या टोपाशी मी अजून बोलते.

ईदेला त्याचा आवाज येतो फोनवर, "मावशी, भात खाया क्या?" मागच्या खेपेला म्हणाला, तिकडं संसदेची निवडणूक पुन्हा जवळ आली आहे, आणि या वेळी त्याची गोटी त्याच्याच हातानं पडणार. आणि म्हणाला, पुढचं शिकायला भारतात यायचा विचार आहे, जमलं तर.

मागच्या आठवड्यात मी गावी माझ्या भावाला फोन लावला. वहिनीनं उचलला. मी म्हटलं, एक पाहुणा आणायचाय, लांबचा आहे, भात खाणारा आहे. ती मालवणीत म्हणाली, "हाड गो. ईचारतंस काय?" आमच्याकडे 'हाड' म्हणजे 'घेऊन ये'.

तर बाबा, तू वाचणार नाहीस, पण लिहून ठेवते. तू ये. बीडला उतर, मी ट्रंक घेऊन तयार असेन, या वेळी भीतीनं भरलेली नाही. आपण दोघं वेंगुर्ल्याला जाऊ. सकाळी मी स्वतः बंदरावर जाऊन ताजा बांगडा आणेन आणि आईच्या चुलीवर तुला पोटभर जेवायला घालेन. भाकरी तांदळाची असेल. ती फाटणार नाही.